सोमवारी नानांचं रक्त

पॅथॉलॉजी लॅबमधल्या माणसाला कधी किस्से विचारू नयेत. तो जेवणाच्या ताटावरच सुरू होतो आणि समोरच्याचा घास हातातच राहतो! आमच्या घरी तर मला पंगतीत तोंड उघडायची बंदी आहे. पण किस्से साचतच जातात. रक्त, लघवी, थुंकी सगळं तपासून टाकून देता येतं. त्यांच्याबरोबर आलेली माणसं कुठे टाकणार?

ऐंशीच्या दशकात मी धुळ्याहून जळगावला आले, एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून. तीन खोल्या, आमचे पॅथॉलॉजिस्ट सर, मी आणि नाना. इतकाच कारभार. नाना मूळचे भडगावचे, बोलणं अहिराणी, पन्नाशीचे, लॅबमधले सगळ्यात जुने. हे किस्से त्यांचेच आहेत आणि त्यांच्या रक्ताचं पुढे काय झालं, त्याचे आहेत. ऐकताना भीती वाटली तर सांगा. मला अजून वाटते.

*

पहिलाच सोमवार. मी अ‍ॅप्रन घालते न घालते तोच नाना स्टुलावर बसले, बाही वर केली आणि म्हणाले, "काढ."

"आजारी आहात का नाना?"

"नही वं बाई. मी नॉर्मल शे!"

मला वाटलं नव्या पोरीची चेष्टा चालली आहे. पण सर हसत बाहेर आले आणि त्यांनी समजावलं. पेशंटच्या रक्तात प्रथिनं किती ते मोजायचं तर शेजारी एक खात्रीचा नमुना लागतो. त्याची कंपनीची बाटली मुंबईहून यायची, आणि आमच्या मे महिन्यात ती वाटेतच आंबून जायची. म्हणून सरांनी एकदा चांगल्या बाटलीवरून नानांचं रक्त तपासून घेतलं. प्रथिनं बरोब्बर सात! नाना सायकलवर हिंडणारे, ना बिडी, ना दारू, साधा तापही कधी नाही. तेव्हापासून नाना म्हणजे सात. दर सोमवारी ताजं रक्त काढायचं आणि आठवडाभर सगळ्या पेशंटना त्याच्याशी ताडून बघायचं. रजिस्टरमध्ये पहिली ओळ कायमची छापल्यासारखी: नाना, सात.

नानांना याचा भारी अभिमान. लग्नात ओळख करून देताना म्हणायचे, "आख्खं जळगाव माझ्यावरून मोजतात!"

त्यांचा एक चुलतभाऊ होता. त्याचा रिपोर्ट एकदा कमी आला. तो थेट भांडायलाच आला. म्हणाला, "नाना, तू जरा कमी खात जाय ना. तुनं उतरनं म्हणजे मनं आपोआप चढी!"

आम्ही पोट धरून हसलो. गणित त्याचं अगदी बरोबर होतं.

*

एकदा आम्ही शिबिरासाठी धुळे जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, डोंगराकडे गेलो होतो. रक्ताला लाल करणारं आणि हवा वाहून नेणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. तिकडच्या काही घराण्यांत त्याची घडण जन्मतःच एवढीशी वेगळी असते. हवा मिळते आहे तोवर काही कळत नाही. हवा तुटली की ती प्रथिनं एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात आणि चांगली गोल पेशी विळ्यासारखी वाकते.

तपासणी सोपी. काचेवर रक्ताचा थेंब, त्यात हवा शोषणारं औषध, वर पातळ काच, आणि कडा बंद. कडांना लावायचं मेण संपलं, म्हणून माझं गुलाबी नेलपॉलिश कामाला आलं.

तिथे एक तरुण शिक्षिका रक्त दिल्यावरही जागची हलली नाही. "मला बघायचंय," म्हणाली. तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला. "गोलच तर आहेत!" चहा झाला. तिने परत डोळा लावला आणि मग काढलाच नाही. वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात ती म्हणत होती, "एक वाकली... ही दुसरी... ही आणखी एक..."

सरांनी सांगितलं, तुला काही झालेलं नाही. तू फक्त वाहक आहेस. तुझ्या अंगात हवा आहे, तिथे त्या वाकत नाहीत. इथे आम्ही त्यांची हवा बंद केली.

"मग झाकण काढा ना त्यांचं!" ती एकदम ओरडली.

 नानांनी ब्लेड घेतलं आणि नेलपॉलिश खरवडून काच उचलली. सर वैतागले, "नाना, स्लाइड वाया घातलीत!"

"सर, माणूस घाबरा झाला की आपण खिडकी उघडतोच ना," नाना म्हणाले आणि ब्लेड पुसून ठेवलं.

*

धरणगावकडचा एक शेतमजूर. कपाशीवर दोन महिने फवारणी केलेली, आणि नेमकं अपेंडिक्स दुखायला लागलं. जळगावच्या एका दवाखान्यात सकाळी ऑपरेशन ठरलं. नाना रक्ताची बाटली पोचवायला गेले होते.

भूल देताना अंग सैल पडायला एक इंजेक्शन देतात. त्याने श्वासाचे स्नायूसुद्धा थांबतात, पण पाच मिनिटंच. कारण रक्तातलं एक प्रथिन त्या औषधाचे लगेच तुकडे करतं. फवारणीच्या विषाने या माणसाचं तेच प्रथिन निकामी केलं होतं. हे कोणाला माहीत? ऑपरेशन झालं, टाके घातले, भूल उतरवली, पण हा श्वासच घेईना! मग हाताने फुगा दाबून श्वास द्यायचा. एक तास, दोन तास, तीन तास. डॉक्टरांचे हात भरून आले तेव्हा नानांनी फुगा धरला. सगळ्यांना वाटलं, माणूस बेशुद्ध आहे. त्यामुळे आजूबाजूला गप्पा चालू. कोणी म्हणालं, "जातोय वाटतं." डॉक्टर कंटाळून म्हणाले, "आणि चहात साखर टाकायची पद्धत नाही का इथे?"

दुपारी त्याची करंगळी हलली. संध्याकाळी तो बोलायला लागला. डॉक्टर खुशीत त्याच्या खाटेपाशी गेले, "काय, कसं वाटतंय?"

तो म्हणाला, "डॉक्टर, मंग साखर भेटनी का चहाले?"

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. तो पुढे म्हणाला, "बठ्ठं, सगळं सगळं ऐकू ये. पन पापनी हालेना. कोन जातोय म्हने तेबी ऐकं. हाऊ नानाच येकला कानमा सांगे, भिऊ नको, मी फुगा दाबी ऱ्हायनू."

नानांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं तो ऐकतोय म्हणून? नाना म्हणाले, "कळलं कुठे? मला तीन तास गप्प बसवत नाही."

*

मग ते वर्ष आलं.

उन्हाळ्यात एका डॉक्टरांचा फोन आला, "तुमच्याकडे सगळ्यांचीच प्रथिनं कमी कशी येतात हो?" आम्ही रजिस्टर उलटून पाहिलं. खरंच की! आधी लोक सातच्या आसपास असायचे. मग साडेसहा. मग सहा. दिवाळीपर्यंत धडधाकट माणसं साडेपाचवर आली. रावेर-यावलकडचे केळीवाले, घरी चार-चार म्हशी, दंड हे एवढे, आणि कागद म्हणतोय उपासमार!

सरांनी निळं औषध बदललं. प्रथिन भेटलं की ते जांभळं होतं. जितकं प्रथिन जास्त तितका रंग गडद, आणि कलरीमीटर नावाचं मशीन तो रंग मोजतं. मग मशीनची काच बदलली. मग पाणी बदललं. मग सर दुष्काळावर आले, बाजरीवर आले, फवारणीवर आले. आकडा उतरतच राहिला. एका मिठाईवाल्या शेठजींना तर 'कुपोषण' असा शेरा मिळाला. ते कमालीचे खूश झाले. दुकानात गल्ल्यावर बसूनच त्यांनी ताटभर जिलबी मागवली आणि घरच्यांना कागद दाखवला, "डॉक्टरांनीच लिहून दिलंय!"

मी मात्र घाबरले होते. काउंटरवर येणारा प्रत्येक माणूस मला फिका दिसायचा. बाजारातून घरी जाताना वाटायचं, ही सगळी माणसं आतून पातळ होत चालली आहेत, आणि हे फक्त आम्हा तिघांना माहीत आहे. एवढं मोठं गाव विरघळत होतं, आणि लोक भाजीचा भाव करत होते.

त्यातच नानांच्या बायकोला, अक्कांना थकवा यायला लागला. नानांनी स्वतःच तपासलं. साडेपाच! झालं. अक्कांना रोज दोन अंडी सुरू. वरणाची वाटी डबल. नाना आपल्या वाटचं अंडंही त्यांच्याच ताटात टाकायचे. अक्का महिनाभरात गुटगुटीत झाल्या, आणि नाना उतरले. त्यांची पाठ दुखायची. सायकल सोडून ते चालत यायला लागले. आम्ही म्हणायचो, बायकोची काळजी घेऊन घेऊन वाळले बिचारे.

त्यांना तपासा, असं आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. नॉर्मल माणसाला कोण तपासणार?

*

डीप फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर झाला होता. तो फोडताना मागे मला चार चिमुकल्या बाटल्या सापडल्या. चिकटपट्टीवर सरांचं अक्षर: 'नाना'. सात ठरवलं त्याच दिवशी सरांनी जास्तीचं रक्त काढून त्यातलं पिवळसर पाणी, म्हणजे प्रथिनं असतात ते सीरम, बाजूला ठेवलं होतं आणि मग विसरून गेले होते.

म्हटलं, निळं औषध नीट आहे का ते यावर बघू. एका नळीत तेव्हाचे नाना, दुसरीत या सोमवारचे नाना. दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवल्या. तेव्हाचे नाना फिकट जांभळे झाले. या सोमवारचे नाना पिकल्या जांभळासारखे काळेभोर!

मला वाटलं माझीच काहीतरी अदलाबदल झाली. परत केलं. परत तेच. सरांना हाक मारली. सरांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि ते स्टुलावर बसले, नाना ज्या स्टुलावर बसायचे त्याच.

"जळगावला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "नानांना झालंय."

म्हणजे नानांची प्रथिनं महिन्यामहिन्याला चढत होती, आणि आम्ही डोळे मिटून त्यांना सातच धरत होतो. त्यामुळे कागदावर बाकीचं सगळं गाव खाली जात होतं. रोगाशी लढायला अंगात नाना तऱ्हेची प्रथिनं बनतात. हाडांच्या आत ती बनवणाऱ्या पेशींपैकी एक जात ताळतंत्र सोडते आणि एकाच साच्याची बिनकामाची प्रथिनं पाडत सुटते. हाडं आतून पोखरली जातात. कॅन्सरच हा, हाडांच्या मज्जेचा. पाठ उगाच दुखत नव्हती.

सरांनी मला रिपोर्ट टाइप करायला सांगितलं. पेशंट: नाना. नॉर्मल: नाना. 

*

या आजारात लघवीची एक तपासणी असते. साधं प्रथिन असेल तर लघवी तापवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठतं आणि गोठलेलंच राहतं. हे प्रथिन तसं नाही. सर म्हणाले, मी करतो. नाना म्हणाले, "माझी आहे, मीच करणार."

त्यांनी नळी पाण्यात धरली, पाण्यात थर्मामीटर सोडला, खाली बर्नर लावला. पाणी साठ अंशाला आलं आणि नळीत पांढरा ढग उतरला.  पाणी तापत गेलं, उकळी फुटली, आणि ढग विरून गेला! नळी पुन्हा स्वच्छ, आरपार दिसणारी.

"नाना, गेलं!" मी ओरडले. टाळी वाजवायचीच बाकी राहिली होती.

"थांब बाई," नाना म्हणाले. "निवू दे."

 नळी निवाली, आणि ढग परत आला. तसाच, तेवढाच.

"लई चलाख शे," नाना म्हणाले. "उकळताना लपी जास." मग त्यांनी नळी धुतली आणि रजिस्टरमध्ये स्वतःच्या अक्षरात निकाल लिहिला.

*

दुसऱ्या दिवशी नाना जुनी रजिस्टरं मांडून बसले. म्हणाले, "मी सात नव्हतो. मग ह्या लोकांचं काय?"

तेव्हा सरांच्याही लक्षात आलं. ज्यांना आम्ही अशक्त म्हटलं होतं, ती माणसं ठणठणीत होती. पण त्या महिन्यांत ज्यांच्या कागदावर सुंदर सात आलं होतं, त्यांचं काय? ते नानांइतके होते. म्हणजे भीती त्यांचीच होती!

मुंबईहून नवी बाटली मागवली. नानांनी औषधोपचार सुरू ठेवून, पाठीला पट्टा बांधून, एसटीने एकेक गाव गाठलं. सोबत सिरिंज आणि बर्फाचा थर्मास. लोक रक्त द्यायला तयार नसत, जवळचा जुना रिपोर्ट पुढे करत. "मी नॉर्मल शे, कागद शे मनाजोडे!"

नाना स्वतःकडे बोट दाखवत सांगत, "तो कागद मनावरतीन काढेल शे. आन मना भरोसा नही ऱ्हायना."

बहुतेकांना तेव्हा काही ना काही ताप-खोकला होता, म्हणून प्रथिनं चढलेली, एवढंच निघालं. खरा एकच सापडला. शिंदखेड्याचे एक आबा, कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलेले. आजार अजून कोवळा होता, वेळेवर मुंबईला पाठवता आलं. नानांनी त्यांना समजावलं, आपुन दोन्ही सारखा. आबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंग आपले दोन्हीस्लेच नॉर्मल म्हना, आन बठ्ठा गावले आजारी!"

नाना लॅबमध्ये येऊन हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. यादीतल्या नावांवर काट मारता मारता शेवटी एकच नाव उरलं, अक्कांचं. ते मूळ यादीत नव्हतंच, नानांनी स्वतःच घातलेलं. सर म्हणाले, अक्कांचं कमी आलं होतं, म्हणजे त्या चांगल्याच असणार. नाना म्हणायचे, "तरी एकदा बघायचंच. घरचं शेवटी."

ते राहूनच गेलं. नाना गेले त्यानंतरच्या सोमवारी मी जुन्या सवयीने सिरिंज काढून ठेवली आणि रिकाम्या स्टुलासमोर रडत उभी राहिले.

*

महिन्याभराने अक्का आल्या. दुपारची वेळ, सर बाहेर गेलेले. त्या दारातच थांबल्या. पाठ दुखते म्हणाल्या. नानांचीही पाठीपासूनच सुरुवात झाली होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ते सांगी गयात, तुनं रगत परत देखी ले," त्या म्हणाल्या. "खरं सांगजो बाई. माले बी तेच व्हयेल शे का?"

मी रक्त काढलं. आणि मग आठवलं, कंपनीची बाटली संपली होती, नवं पार्सल यायचं होतं. अक्कांना उद्या या म्हणवेना. त्या खुर्चीत अशा बसल्या होत्या की निकाल लागल्याशिवाय उठल्याच नसत्या. फ्रीझरमध्ये त्या जुन्या चारांतली शेवटची बाटली उरली होती. ती काढली.

 एका नळीत अक्का, एका नळीत नाना, दोन्हींत निळं औषध. दहा मिनिटं कोमट पाण्यात. बाहेर काढून पुसताना लक्षात आलं, नळ्यांवर खूणच करायची राहिली! दोन्ही नळ्या सारख्या, दोन्हींचा रंग सारखा. कोणती कोणाची? घाबरून दोन्ही मशीनमध्ये लावून पाहिल्या. काटा दोन्ही वेळा एकाच रेघेवर. म्हणजे कोणतीही कोणाचीही असली तरी फरक पडत नव्हता. अक्का सात होत्या.

"अक्का, काही नाही झालेलं तुम्हाला," मी म्हटलं. "अगदी नॉर्मल."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग रॅककडे बघत विचारलं, "दुसरी नळी कोनी शे?"

खोटं बोलवलं नाही. "नानांची. आधीची. चांगले होते तेव्हाची."

त्या उठल्या. एका नळीला बोट लावलं. मग दुसरीला लावलं आणि तिथेच ठेवलं.

"हाई तेस्नी."

"कशावरून अक्का?"

"गार शे."

दोन्ही नळ्या एकाच पाण्यातून, एकाच वेळी काढलेल्या. त्यांना तसा भास झाला असेल, म्हणून मी आधी अक्कांनी सोडलेल्या नळीला हात लावून पाहिला. कोमट होती. मग त्यांच्या बोटाखालची नळी धरली. इतकी गार, की धरवली नाही.